थंड मुलखातला गुलाब

आपला माणूस कोठेही गेला तरी गुलाबाची हौस त्याच्याबरोबर जाते. कॅनडात कॅलगरी, एडमंटन अशा शहरांतून आज मराठी कुटुंबे घरे करून राहिली आहेत. घरामागे चार वाफ्यांपुरती जागा असते. उन्हाळा लागला की रोपवाटिकेतून एखादा लांब देठाचा, टपोऱ्या कळीचा गुलाब घरी येतो, सप्टेंबरपर्यंत डौलाने फुलतो, आणि पुढच्या मे महिन्यात बर्फ वितळला की तिथे काळी पडलेली काडी तेवढी उरते. पुन्हा नवे रोप, पुन्हा तीच काडी. दोनतीन वर्षांनी मंडळी निकाल देऊन टाकतात, की या मुलखात गुलाब होतच नाही. हा निकाल मला मान्य नाही. अहो, अल्बर्टा प्रांताने १९३० साली आपले मानचिन्ह म्हणून जे फूल निवडले, ते तिथल्या रानातल्या गुलाबाचेच आहे!

मग आणलेला गुलाब मरतो का? तो असतो हायब्रिड टी जातीचा. त्याच्या अंगात चीनमधल्या उबदार भागांतल्या गुलाबांचे रक्त आहे. बारमाही फुलणे त्याने तिथून उचलले. पण थंडीपूर्वी वाढ थांबवून काडी पक्की करणे त्याला चांगलेसे साधत नाही. आणि तो बहुधा कलमी असतो. खुंट एका जातीचा, डोळा दुसऱ्या जातीचा. वरचा भाग थंडीने गेला की खालून फुटतो तो खुंट, आणि मालक म्हणतो, माझ्या पिवळ्या गुलाबाला लाल फुले कशी आली? थंड मुलखात रोप घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की हे स्वतःच्या मुळांवर वाढलेले आहे का? तसे असले तर बर्फाच्या थरापर्यंत सगळ्या फांद्या गेल्या तरी जमिनीतून पुन्हा तोच गुलाब येतो.

आता जाती. सगळ्यांत खात्रीचे घराणे रुगोसाचे. जपान, कोरिया, सैबेरिया यांच्या समुद्रकाठच्या वाळूत वाढणारा हा गुलाब. पाने जाड आणि सुरकुतलेली, काटे भरपूर, वास उत्तम, आणि शरद ऋतूत टोमॅटोएवढी नव्हे, पण चेरीटोमॅटोएवढी लाल फळे. त्याच्या पानांवर काळे ठिपके क्वचितच दिसतात. औषधाचा फवारा मात्र त्याला सोसत नाही, पाने करपतात. न फवारता निरोगी राहणारे झाड, आणखी काय हवे? ‘हान्सा’ ही १९०५ सालची जांभळट फुलांची जात आजही मिळते. फक्त चुनखडीच्या जमिनीत रुगोसाची पाने पिवळी पडतात, आणि प्रेअरीतल्या पुष्कळ जमिनी तशाच आहेत, एवढे ध्यानात असू द्यावे.

याच रुगोसाची एक गंमत सांगतो. ‘मॅक्स ग्राफ’ नावाचा त्याचा एक संकर बहुतेक वांझच होता. जर्मनीतले विल्हेल्म कोर्डेस यांना १९४० च्या दशकात त्याचे थोडे बी मिळाले, आणि त्यातल्या एका रोपात गुणसूत्रे आपोआप दुप्पट, म्हणजे १४ ची २८ झालेली निघाली. त्यामुळे त्याचा बागेतल्या इतर गुलाबांशी संकर जमू लागला. ओटावाच्या सरकारी शेतीकेंद्रात फेलिसिटास स्वेज्दा या बाईंनी १९६१ पासून गुलाबांवर जे काम केले, त्यात या कोर्डेसी घराण्याचा मोठा वाटा आहे. बाईंची परीक्षा कडक. हिवाळ्यात पांघरूण घालायचे नाही, जगेल तो खरा. त्यातून निघालेल्या गुलाबांना दर्यावर्दी आणि संशोधकांची नावे दिली. ‘जॉन कॅबट’ १९७८ चा, ‘विल्यम बॅफिन’ १९८३ चा. हा बॅफिन पुरुषभर उंचीच्याही वर जातो, गडद गुलाबी फुलांनी भरतो, आणि रोग त्याच्या वाऱ्याला फारसा उभा राहत नाही. एकच झाड लावायचे असेल तर मी तेच सांगेन. मॅनिटोबातल्या मॉर्डेन केंद्रातले गुलाब बुटके आणि दिसायला नाजूक. ते बर्फापर्यंत मरतात, पण नव्या फुटव्यावर त्याच उन्हाळ्यात फुलतात. त्यांतल्या ‘अ‍ॅडलेड हूडलेस’ला काळ्या ठिपक्यांची खोड आहे.

या ठिपक्यांना हलके समजू नये. ऑगस्टमध्येच पाने गळालेले झाड अन्न साठवू शकत नाही, आणि असे उपाशी झाड हिवाळ्यात जाते. थंडी झेलणे आणि रोग झेलणे ही दोन वेगळी खाती नव्हेत. ही बुरशी पान सलग सातएक तास ओले राहिले तरच रुजते. म्हणून पाणी सकाळी आणि मुळाशी द्यावे, झाडे दाटीने लावू नयेत. शिवाय बुरशीचे वाण ठिकठिकाणी निराळे, तेव्हा कॅटलॉगातल्या ‘रोगमुक्त’ शब्दावर न जाता शेजाऱ्यांच्या बागांतून ऑगस्टअखेर एक फेरी मारावी. कोणत्या झाडावर पाने आहेत ते दिसतेच.

शेवटी छाटणीविषयी. पुण्यानाशकाकडे पाऊस सरला की ऑक्टोबरात गुलाब छाटायचा, ही आपल्या हातांची सवय. ती तिकडे चालवू नका! ऐन थंडीच्या तोंडावर छाटले तर कोवळे धुमारे निघण्याचा धोका, आणि ते पहिल्याच कडाक्यात जळतात. जुलैअखेर खत बंद करावे, शेवटची फुले न खुडता त्यांची फळे होऊ द्यावीत. झाडाला विश्रांतीचा इशारा मिळतो. जमीन गोठू लागली की बुंध्याशी वीतभर माती किंवा पालापाचोळा चढवावा आणि बर्फ पडेल तो तिथेच राहू द्यावा, तो उत्तम पांघरुणाचे काम करतो. कात्री हातात घ्यायची ती वसंतात, डोळे फुगू लागल्यावर. काळ्या काड्या खाली खाली कापत जावे, आत पांढरा ताजा गाभा दिसला की तिथे थांबावे.