बी. कॉम. म्हणजे काय? आपल्या वस्तीने समजून घ्यायची गोष्ट

(विहाराच्या वर्धापनदिनी केज येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



विहाराच्या वर्धापनदिनी दरवर्षी धम्मावर, चळवळीवर, बाबासाहेबांच्या जीवनावर भाषणे होतात. ती व्हायलाच पाहिजेत. पण यंदा विहार समितीने आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा आम्ही एक वेगळाच विषय मागून घेतला. बारावी झालेल्या लेकराला बी. कॉम.ला घालायचं असेल तर काय लागतं, तिथं काय शिकवतात आणि ते शिकून काय होतं, हा तो विषय. काही जण हसले. म्हणाले, "तुम्ही गिरणी कामगार, कॉलेजची पायरी चढला नाहीत, तुम्ही बी. कॉम. काय सांगणार?" बरोबर आहे. आम्ही जे शिकलो ते वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि याच विहारात. पण ज्याची चप्पल चावते त्यालाच ठाऊक असतं कुठे चावते. म्हणून बोलतो.

आपल्या घरांत डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर हे शब्द ऐकू येतात. नाही जमलं तर डी. एड., नाहीतर बी. ए. कॉमर्स म्हटलं की आपल्याला वाटतं, ते व्यापाऱ्याच्या पोराचं काम. दुकान त्याचं, गल्ला त्याचा, हिशेबाची वही त्याची. हा समज कुणी घालून दिला? ज्यांना आपल्याला हिशेब कळू द्यायचा नव्हता त्यांनीच.

बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे पंडित होते, हे आपण विसरतो. १९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, आणि ते कॉलेज वाणिज्याचंच होतं. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये निघाला. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद कॉलेजची सुरुवात. आणि १९५३ साली त्याच सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढलं. कला आणि विज्ञानावर ते थांबले नाहीत. आपल्या पोरांच्या हाती हिशेबाची वही आली पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं.

तथागतांनी तरी काय सांगितलं? सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला उपदेश आहे की मिळकतीचे चार भाग करावेत. एक भाग उपभोगावा, दोन भाग कामधंद्यात घालावेत आणि चौथा अडचणीसाठी राखून ठेवावा. दीघजाणु नावाच्या गृहस्थाला भगवंतांनी सांगितलं की तागडी धरणारा जसा पारडं पाहतो तसं आपलं येणं आणि जाणं पाहत जावं. आता हे बजेट नाही तर काय? शस्त्र, माणसं, मांस, दारू आणि विष यांचा व्यापार करू नये, असंही सांगितलं. म्हणजे व्यापारच करू नये असं नव्हे. तो सम्यक असावा, एवढंच.

आता आम्ही हा विषय का घेतला ते सांगतो. ही आमच्या चुकीची गोष्ट आहे, आणि ती विहारातच सांगायला हवी.

गिरणीतून निवृत्त होणाऱ्या कामगारांचे कागद भरून द्यायचं काम बरीच वर्षं आमच्याकडे होतं. चार अक्षरं येतात म्हणून लोक विश्वासाने यायचे. गिरणीचा कारकून ग्रॅच्युइटीचा आकडा सांगायचा, आम्ही म्हणायचो, "बरोबर आहे, करा सही." आमचा एक जोडीदार चौदा वर्षं नोकरी करून निघाला. शेवटचा पगार, मूळ आणि महागाई भत्ता धरून, महिना ७,८०० रुपये. हाती आले ५४,६०० रुपये. संध्याकाळी तो पेढे घेऊन वस्तीत आला. तिथं शेजारची पोरगी बसली होती, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तिनं कागद हातात घेतला आणि म्हणाली, "काका, यांनी महिना तीस दिवसांचा धरलाय. कायद्यात सव्वीस दिवसांचा आहे."

तिनं पाटीवर मांडून दाखवलं. ७,८०० ला २६ ने भागा, ३०० रुपये रोज. पंधरा दिवसांचे ४,५००. चौदा वर्षांचे ६३,०००. म्हणजे ८,४०० रुपये कमी दिले. आम्ही अर्ज केला, ते पैसे मिळाले. पण त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. कारण त्याच्या आधी ज्यांना ज्यांना आम्ही "करा सही" म्हटलं होतं, ते सगळे डोळ्यांपुढे आले. त्यातले काही आज हयात नाहीत. कारकुनाने फसवलं की त्यालाच कळत नव्हतं, ते आम्ही सांगू शकत नाही. पण आम्हाला कळत नव्हतं, हे नक्की. घोषणा देता येत होत्या, भागाकार करता येत नव्हता.

आणि ही गिरणीचीच गोष्ट आहे असं नाही. आपल्या केज तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास किती जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात! मुकादमाची उचल घेतात. किती टन तोडला, किती फिटलं, किती राहिलं, सगळं मुकादमाच्या वहीत. आपल्या घरात त्याची नक्कल आहे का? ज्याची वही त्याचं राज्य, बंधूंनो.

आता मुद्द्यावर येतो.

बी. कॉम.ला प्रवेश घ्यायला बारावी पास पाहिजे. अकरावी-बारावी कॉमर्सची असेल तर उत्तम, कारण तिथं पुस्तपालन व लेखाकर्म, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन आणि चिटणिसाची कार्यपद्धती हे विषय होऊन जातात. पण आर्ट्स किंवा सायन्सवाल्यांनी "आता आमचा रस्ता बंद" असं समजू नये. कॉलेजात जाऊन विचारा. पहिले सहा महिने जमा-नावे समजायला जड जातं, इतकंच. नोकरी करणाऱ्यांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. घरी अभ्यास करून तिथंही बी. कॉम. होते.

आपला बीड जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाखाली येतो. १९५८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला हे नाव मिळायला १९७८ चा ठराव झाल्यावर १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्यासाठी किती घरं जळाली, किती माणसं गेली, ते इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. त्या नावाची पदवी आपल्या घरात नसेल तर तो लढा अर्धाच राहिला असं आम्ही मानतो.

आता अभ्यासक्रम. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आलं. आपल्या राज्यात संलग्न कॉलेजांत पदवीच्या पहिल्या वर्षाला ते २०२४-२५ पासून लागू झालं. आता सगळा हिशेब क्रेडिटचा. क्रेडिट म्हणजे काय? साधारण पंधरा तास वर्गात शिकलं की एक क्रेडिट. वर्षाला दोन सत्रं, एका सत्राला २० ते २२ क्रेडिट. तीन वर्षांत १२० ते १३२ झाले की बी. कॉम. पदवी. चौथं वर्ष केलं, १६० ते १७६ झाले, की ऑनर्स. हे क्रेडिट बँकेतल्या ठेवीसारखे विद्यार्थ्याच्या नावावर ऑनलाइन जमा होतात.

विषयांचे गट असे. एक मुख्य विषय, त्याला मेजर म्हणतात. एक जोडविषय, मायनर. एक दुसऱ्या शाखेतला. शिवाय कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव. कुणाकडे तरी जाऊन काम शिकायचं, त्याचेही क्रेडिट मिळतात.

आत शिकवतात काय? वित्तीय लेखांकन, म्हणजे रोजकीर्द, खतावणी, तेरीज, नफा-तोटा आणि ताळेबंद. परिव्यय लेखांकन, म्हणजे एक नग तयार करायला खर्च किती आला. लेखापरीक्षण, म्हणजे दुसऱ्याची वही तपासणं. व्यापारी कायदे, त्यात १८७२ चा करार कायदा, २०१३ चा कंपनी कायदा. आयकर आणि १ जुलै २०१७ पासून आलेला जीएसटी. अर्थशास्त्र, बँकिंग, व्यवस्थापन, सांख्यिकी, संगणकावरचे हिशेब. यातला कोणता विषय आपल्या कामाचा नाही, सांगा बरं?

आता एक धोक्याची सूचना. नव्या पद्धतीत एका वर्षानंतर सोडलं तर प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनंतर पदविका. त्यासाठी कौशल्याचे चार क्रेडिट जास्तीचे करावे लागतात. तीन वर्षांच्या आत परत येता येतं. ज्याच्या घरी खरीच अडचण आली त्याच्यासाठी हे बरं आहे. पण आम्हाला भीती वाटते ती आपल्या लेकींची. "एक वर्ष झालं, कागद मिळाला, आता लग्न उरकू," असं कुणी म्हणू नका. दार उघडं आहे म्हणून लेकीला बाहेर ढकलायचं नसतं. ती शेजारची पोरगी दुसऱ्या वर्षाला शिकत राहिली, म्हणून ते ८,४०० रुपये सापडले.

पैशाचं म्हणाल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातींसाठी ती १९४४ पासून सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना. पालकांचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत पाहिजे. अर्ज महाडीबीटीवर भरायचा. खात्यात येणाऱ्या पैशात कॉलेजच्या फीचा वाटा असतो. तो कॉलेजला भरा, घरखर्चात घालू नका. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे.

कागदं आधीच तयार ठेवा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवास, आधारला जोडलेलं बँक खातं. जातीच्या प्रमाणपत्राचं नीट ऐका. आपण बौद्ध आहोत, ते अभिमानाने लिहितो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राने मान्य केल्या. पण प्रमाणपत्राला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. आजोबाचा शाळेचा उतारा आजच शोधा, जूनमध्ये नव्हे.

पुढे काय? एम. कॉम. आहे, बँकेच्या आणि स्पर्धा परीक्षा आहेत, एमबीए आहे. पंचावन्न टक्के मिळवले तर सीएची पहिली परीक्षा न देता थेट इंटरमीजिएटला नोंदणी होते. सीएची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते. आम्ही खोटी आशा दाखवत नाही. नुसत्या पदवीने नोकरी दारात येत नाही. पण ज्याला वही वाचता येते त्याला कुणी सहज फसवू शकत नाही, एवढं नक्की.

शेवटी विहार समितीला आमची विनंती. दर मे महिन्यात विहारात एक दिवस कागदपत्रांचं शिबिर ठेवावं. आणि विहाराचा वर्षाचा जमाखर्च कॉमर्सच्या पोरा-पोरींकडून लिहून घ्यावा, पौर्णिमेला सर्वांपुढे वाचावा. वर्गणीचा पैसा स्वच्छ राहील आणि लेकरांचा हात बसेल. सुरुवात आमच्यापासून करा. निवृत्तीचे जे कागद आम्ही भरून दिले, त्यांच्या नकला आमच्याकडे आहेत. त्या आम्ही विहारात आणून ठेवतो. पोरांनी एकेक आकडा तपासावा. ज्यांचं कमी निघेल त्यांच्या घरी आम्ही स्वतः जाऊ, चूक सांगू, आणि पैसे मिळण्याजोगे असतील तर त्यांचा अर्जही आम्हीच लिहू.



जयभीम! नमो बुद्धाय!