अशिलाचा कागद

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कायद्याच्या क्षेत्रातील संधी या विषयावर मी बोलावे, अशी आपल्या चिटणीसांची इच्छा होती. त्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगले बोलतात. मी आज एका वेगळ्या गोष्टीविषयी बोलणार आहे. माणूस वकिलाकडे येतो तेव्हा आपले कागद, आपले उत्पन्न, आपले आजार, घरातली भांडणे असे सारे त्याच्या टेबलावर मोकळे करतो. जे सख्ख्या भावाला सांगितलेले नसते ते वकिलाला सांगतो. त्या माहितीचे पुढे काय होते, वकिलाच्या कार्यालयाने तिचे काय केले पाहिजे, हा माझा विषय आहे. विषय रूक्ष वाटेल. पण तो मी एका चुकीतून शिकलो आहे आणि ती चूक माझी स्वतःची आहे.

१९९१ सालची गोष्ट. मी नुकतीच सनद घेतली होती आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करीत होतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या त्या वेळच्या कलम १२५ खाली पोटगी मागणाऱ्या एका भगिनीचे काम माझ्याकडे सोपवले होते. नवऱ्याने जे म्हणणे दाखल केले होते त्यात तिच्या चारित्र्यावर वाटेल ते आरोप होते. त्याला उत्तर म्हणून तिचे प्रतिज्ञापत्र मी तयार केले. उत्तर द्यायचे म्हणजे प्रत्येक आरोप पुन्हा लिहून तो नाकारायचा. टंकलेखनात चुका झाल्या म्हणून दोन पाने पुन्हा काढली आणि आधीची पाने टोपलीत टाकली. टोपलीतला कागद पोत्यात, पोते रद्दीवाल्याकडे. त्या रद्दीचे पैसे मीच मोजून घेतले होते.

पुढे काही दिवसांनी ती बाई कार्यालयात आली. बसली नाही. पदराखालून एक चुरगळलेला कागद काढून तिने माझ्यासमोर ठेवला. कागदावर मिठाचे डाग होते. वस्तीच्या नाक्यावर तिच्या मुलाने खारे शेंगदाणे घेतले होते, त्या पुडीचा तो कागद. ती म्हणाली, "वकीलसाहेब, हे तुमच्याच हापिसातलं ना? माझ्या पोरानं वाचलं." मुलगा सहावीत होता. त्याला वाचता येते याचा तिला फार अभिमान होता. पहिल्या भेटीतच तिने मला ते सांगितले होते.

ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने फक्त आपले प्रकरण परत मागितले. मी कागद दिले, दुसऱ्या वकिलांसाठी ना हरकत लिहून दिली आणि ती निघून गेली. जाताना तो पुडीचा कागदही तिने घडी करून बरोबर नेला.

मित्रहो, मला त्या वेळी कायदा ठाऊक नव्हता असे नाही. भारतीय पुरावा कायदा, १८७२ चे कलम १२६ परीक्षेला हमखास येणारे; त्यावर मला बरे गुणही पडले होते. अशिलाने कामाच्या निमित्ताने सांगितलेली गोष्ट, दाखवलेल्या कागदातला मजकूर आणि वकिलाने त्याला दिलेला सल्ला, यांतले काहीही अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाने उघड करायचे नाही, असे ते कलम सांगत होते. वकिली संपली, अशील दुसऱ्याकडे गेला, तरी हे बंधन संपत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे आणि ही तरतूद त्याच्या कलम १३२ मध्ये आहे. क्रमांक बदलला, गाभा तोच राहिला. परंतु हे कलम रद्दीच्या टोपलीपर्यंत पोहोचते, हे मला कोणी शिकवले नव्हते आणि मलाही सुचले नव्हते.

विद्यार्थ्यांसाठी थोडे खोलात जातो, कारण या तरतुदीविषयी गैरसमज फार. लोक विचारतात, वकील गुन्हेगाराला लपवतो काय? कायद्याने यात एक रेषा ओढली आहे. एखादा अशील म्हणतो, "मी खोटा दस्त केला आहे, माझा बचाव करा." हे बोलणे सुरक्षित आहे, झालेल्या गुन्ह्याचा बचाव करणे हा गुन्हा नव्हे. दुसरा म्हणतो, "माझ्याकडे एक खोटा दस्त आहे, त्याच्या जोरावर जमिनीचा ताबा मिळवून द्या." हे बोलणे सुरक्षित नाही, कारण ते पुढच्या गैरकृत्यासाठी आहे. तसेच काम हाती घेतल्यानंतर झालेला गुन्हा किंवा लबाडी वकिलाच्या प्रत्यक्ष नजरेस आली, तर तिथेही हे संरक्षण नाही. ही रेषा नीट समजली की पुष्कळ वाद मिटतात.

जुन्या कलम १२७ चे म्हणणे असे होते की हे बंधन एकट्या वकिलावर नाही. त्याचे दुभाषी, कारकून आणि नोकर यांच्यावरही आहे. नव्या कायद्यानेही ते कायम ठेवले आहे. आपल्याकडे गुपिते फुटतात ती बहुधा इथेच. वकील न्यायालयात उभा असतो, तेव्हा कारकून बाहेर चहाच्या टपरीवर असतो. तालुक्याच्या गावात सगळे एकमेकांच्या नात्यातले. "तुझ्या मेव्हण्याची केस आमच्याकडेच आहे," एवढेसे वाक्य पुरते. ते बोलणाऱ्याला त्यात काही वाईट केले असे वाटतही नाही. उलट ओळख दाखवली असे वाटते. आता मी नवीन मुलगा कामावर घेतो तेव्हा पगाराआधी हे सांगतो. आमच्याकडे कोण येते हेसुद्धा घरी सांगायचे नाही. मजकूर तर दूरच, नुसते नावही नाही.

मोठ्या शहरांतल्या मोठ्या फर्ममध्ये याची पद्धत ठरलेली असते. नवा अशील आला की त्याची हकीकत ऐकण्यापूर्वी त्याचे आणि विरुद्ध पक्षाचे नाव विचारतात, नोंदी तपासतात. विरुद्ध पक्षाचे काम आधीच त्या फर्मकडे असेल तर तिथेच थांबतात. कारण एकदा ऐकलेले न ऐकलेले करता येत नाही. ज्याच्यासाठी दावा तयार केला त्याच्याच विरुद्ध त्या कामात उभे राहू नये, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियमही आहे. कोणती फाईल कोणी उघडायची, हे तिथे ठरलेले असते. आमच्यासारख्या एका खोलीच्या कार्यालयात ना पडदा ना भिंत. एकाची हकीकत चालू असताना चौघे बाकावर बसून ऐकतात, एखादा तर मध्येच सल्लाही देतो! मी एवढेच केले की बाक बाहेर व्हरांड्यात नेला. पावसाळ्यात लोक कुरकुर करतात. करू देत.

आता आपल्या समाजातल्या मुलांना वकिलाची पायरी कशासाठी चढावी लागते ते पाहा. जात पडताळणीचे प्रकरण असेल तर आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून चुलत्याच्या वैधता प्रमाणपत्रापर्यंत तीन पिढ्यांचे कागद एका पिशवीत येतात. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे प्रकरण असेल तर साक्षीदारांची नावे आणि राहण्याची ठिकाणे येतात, आणि ती चुकीच्या माणसाला कळणे म्हणजे काय, हे या सभागृहात मी सांगायला नको. त्या कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५ अ आले. साक्षीदारांची नावे-पत्ते लोकांना पाहता येणाऱ्या न्यायालयीन कागदांत येऊ न देण्याचा अधिकार त्याने विशेष न्यायालयाला दिला आहे. वकिलाने तसा अर्ज करायला हवा, आणि तो करायला वकील विसरतात. हे मी पाहिलेले आहे.

दुसरे एक सांगतो. काही ठिकाणी फी राहिली म्हणून वकील अशिलाचे कागद अडवून ठेवत. २००० साली आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वकिलाला असा हक्क नाही. फी वसूल करण्याचे मार्ग वेगळे आहेत. कागद अशिलाचे आहेत आणि ते मागताच परत दिले पाहिजेत. कोणी देत नसेल तर वकील कायदा, १९६१ च्या कलम ३५ खाली राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. आपल्या लोकांना हे ठाऊक नसते, म्हणून मूळ दाखल्यांसाठी वर्षानुवर्षे खेटे घालतात.

कागदाची गोष्ट झाली. आता कागद कमी झाला आणि पुडीचा धोका संपला, असे कोणी म्हणेल. परवा न्यायालयाबाहेरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. मुलाने संगणक उघडला, तर पडद्यावर शेकडो लोकांची आधार कार्डे, पॅन कार्डे, विक्रीखते, घटस्फोटाचे अर्ज! वकिलांच्या कारकुनांनी व्हॉट्सअपवर पाठवलेले, छापून झालेले आणि तिथेच राहिलेले. १९९१ ची पुडी एका वस्तीत फिरली. ही पुडी किती ठिकाणी फिरेल, याचा हिशेब कोणी करावा? आणि आताचे काही तरुण वकील अशिलाची सगळी हकीकत नावागावासकट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रात टाकून मसुदा मागतात. मसुदा चांगला येतो, नाही म्हणत नाही. पण नावे काढून टाकायला दोन मिनिटे लागतात, तेवढीही सवड कोणाला नसते.

यासाठी २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. कायदेशीर हक्क बजावण्यासाठी माहिती वापरावी लागते, म्हणून वकिलाच्या कामाला यातल्या बऱ्याच अटींतून सूट आहे. पण माहिती सुरक्षित ठेवण्याच्या जबाबदारीतून सूट नाही, आणि त्यात कसूर झाल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा कायदा फक्त संगणकीय माहितीपुरता आहे. कापडी बस्त्यातला कागद त्याच्या कक्षेत येत नाही. तिथे जुने कलमच उपयोगी पडते.

हे सारे उपरे विचार आहेत, आपल्याला त्याचे काय, असे वाटणाऱ्यांसाठी एक संदर्भ देतो. १९४७ साली बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यातल्या मूलभूत हक्कांच्या यादीत माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण मागितले होते. कागदपत्रे हा शब्द त्यात आहे, हे लक्षात घ्या. ती तरतूद संविधानात आली नाही. पुढे १९५४ च्या एम. पी. शर्मा आणि १९६२ च्या खरकसिंग प्रकरणांत न्यायालयाने खासगीपणाचा असा हक्क मानला नाही. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. सत्तर वर्षे लागली.

अगदी अलीकडे, ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी, तेव्हाचे सरन्यायाधीश आणि अमरावतीचे सुपुत्र भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने आणखी एक निकाल दिला. अशिलाची माहिती काढण्यासाठी तपास यंत्रणांनी वकिलालाच समन्स पाठवू नये. कलम १३२ च्या अपवादात प्रकरण बसत असेल तरच आणि वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मंजुरीने पाठवावे, असे त्यात ठरले. वकिलाचा संगणक वा मोबाईल तपासायचा असेल तर तो न्यायालयापुढे हजर करावा लागेल आणि इतर अशिलांची माहिती उघडी पडू न देण्याची काळजी घ्यावी लागेल. वकिलांनी या निकालाचा आनंद साजरा केला. तो हक्क मुळात अशिलाचा आहे, हे त्या आनंदात कोणाला आठवले की नाही, मला शंका आहे.

माझ्या कार्यालयात आता दर शनिवारी संध्याकाळी चुकलेली पाने मी स्वतः उभी आणि आडवी फाडतो. कागद फाडण्याचे यंत्र मुलाने आणून दिले आहे, तेही वापरतो. पण हाताची सवय जात नाही.

शेवटी एक सूचना, चिटणीसांच्या परवानगीने. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते एक मी संस्थेच्या कार्यालयात मोफत सल्ल्यासाठी बसणार आहे. येताना मूळ कागद आणू नयेत, प्रती आणाव्यात. आधार कार्ड लागलेच तर शेवटचे चारच आकडे दिसतील अशी प्रत चालेल. आत एकेकट्यानेच यावे. आणि बाहेर बसलेल्या सभासदांनी, मग ते कार्यकारिणीचे असोत, कोणाला कशासाठी आलात म्हणून विचारू नये. मला तर मुळीच विचारू नये.