जुनी गाडी आणि खारे पाणी



आज आम्ही तुम्हाला आमच्या जुन्या ट्रकची हकिकत सांगणार आहोत. आम्ही म्हणजे चौघे भागीदार. दर्यापूर तालुक्यातल्या एका लहान गावचे. चौघांचीही शेती कोरडवाहू. वर्षातून एक पीक. त्या पिकावर घर चालेना, म्हणून गाडी घ्यायचे ठरवले.

२०१८ साली दसऱ्याच्या सुमारास आम्ही एक जुनी ४०७ घेतली. ही गाडी टाटांनी १९८६ साली पहिल्यांदा बाजारात आणली. तेव्हापासून आपल्या वऱ्हाडात कापूस, तूर, संत्री, सारे तिच्यावर लादले गेले. तुम्ही सर्वांनी ती पाहिलेली आहे. आमच्यातल्या एकाने बैलजोडी विकली. एकाने घरातली पोत गहाण ठेवली. बाकी दोघांनी उसनवारी केली. असे पैसे उभे राहिले.

कागद आम्ही नीट पाहिले. आरसी बुक, विमा, फिटनेस. आठ वर्षांवरच्या मालगाडीला दरवर्षी फिटनेस करून घ्यावे लागते, हे आम्हाला ठाऊक होते. कर्जाचा बोजा उतरला आहे का, तेही विचारले. गाडी आपल्या नावावर करून घेतली. कागद पाहायला आम्ही चुकलो नाही. चुकलो ते पुढे.

गाडीला नवा रंग मारलेला होता. पुढे दोन बाजूंना मोर काढलेले. आम्ही मोर पाहून आलो, इंजिन पाहिलेच नाही!

पहिला महिना बरा गेला. मग कापसाच्या दिवसांत गाडी तापू लागली. घाट नाही की काही नाही, सपाट रस्ता, तरी काटा लाल रेघेला टेके. रेडिएटरमधले पाणी रोज कमी होई. आम्ही रोज सकाळी बादलीभर पाणी टाकत असू. एक दिवस सायलेन्सरमधून पांढरा धूर निघू लागला. इंजिनाच्या तेलाची पट्टी काढून पाहिली, तर तेल दुधाच्या चहासारखे झालेले.

आम्ही गाडी अमरावतीच्या एका गॅरेजात नेली. मिस्त्रीने पाहिल्याबरोबर सांगितले, "भाऊ, हेड गास्केट गेलं."

आता हेड गास्केट म्हणजे काय, ते सांगतो. इंजिनाच्या वर एक जड झाकण असते. त्याला हेड म्हणतात. इंजिन आणि हेड यांच्यामध्ये एक पातळ पत्रा बसवतात. कुकरच्या झाकणाला रबर असते ना, तसेच त्याचे काम. पाणी पाण्याच्या जागी राहावे, तेल तेलाच्या जागी राहावे, आतला जोर बाहेर जाऊ नये, म्हणून तो पत्रा. इंजिन फार तापले की हेड किंचित वाकते. मग पत्र्याला फट पडते आणि पाणी तेलात शिरते.

मिस्त्रीने हेड उतरवले. लेथवर नेऊन त्याची बाजू सपाट करून आणली. नवे गास्केट टाकले. तेल बदलले. ९,००० रुपये झाले. एका कागदाच्या चिठोऱ्यावर त्याने नुसता आकडा लिहून दिला. सामान किती, लेथचे किती, मजुरी किती, काही नाही. आम्ही पैसे दिले आणि आलो.

दीड महिना झाला नाही, तोच गाडी पुन्हा तापली. पुन्हा तोच पांढरा धूर, पुन्हा तेच पांढरे तेल. आमचे डोके फिरले. चौघेही एसटीने अमरावतीला गेलो आणि भर गॅरेजात त्या मिस्त्रीला चोर म्हटले. "जुनंच गास्केट पुसून टाकलं तुम्ही," असे बोललो. तो म्हणाला, "नवं टाकलं होतं भाऊ. माह्या पोराची शपथ." गिऱ्हाइके पाहत होती. त्याने मजुरी सोडली, पण सामानाचे पैसे घेतले. पुन्हा साडेपाच हजार गेले.

मंडळी, तो खरे बोलत होता की खोटे? आम्हाला सांगता येईना. कारण काढलेला जुना पार्ट आम्ही पाहिलाच नव्हता. नव्याचा डबा पाहिला नव्हता. पक्के बिल नव्हते. आमच्याकडे होता तो फक्त राग. पक्के बिल असते तर पुढे ग्राहक आयोगापर्यंतही जाता आले असते. स्वतः राबून पोटापुरता धंदा करणाराही कायद्याने ग्राहकच धरतात. पण चिठोरे घेऊन कोण उभे करणार?

२०१९ चा फेब्रुवारी आला. तुरीचे दिवस. गावातल्या सहा घरांची तूर भरून आम्ही अकोल्याला निघालो. अकोल्यात डाळीच्या गिरण्या आहेत, भाव बरा मिळतो. मूर्तिजापूरच्या पुढे गाडीने वाफ सोडली आणि बंद पडली. तेव्हा तो रस्ताही फार वाईट होता, जागोजागी उखडलेला. (पुढे २०२२ च्या जूनमध्ये, ३ ते ७ तारखांत, याच रस्त्यावर लोणी ते माना ७५ किलोमीटरचा डांबराचा एक पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला. गिनीजच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. आम्ही रात्री जाऊन ते काम पाहिले आहे.) त्या दिवशी मात्र धूळ, खड्डे आणि दुसऱ्यांची तूर. रात्र आम्ही पोत्यांवर बसून काढली. आमच्यातल्या थोरल्याने गाडी भंगारात घालायची भाषा काढली.

सकाळी गाडी ओढून मूर्तिजापुरात नेली. तिथे एक म्हातारा मिस्त्री भेटला. त्याने हत्यार उचलले नाही. खाट ओढून बसला आणि विचारू लागला. गाडी कधी तापते? चढावर की सपाटीवर? पाणी किती दिवसांनी टाकता? गास्केट कितीदा गेलं?

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. चौघांची चार उत्तरे! एक म्हणे रोज बादलीभर, एक म्हणे दोन दिवसांआड.

तेवढ्यात आमच्यातल्या धाकट्याला आठवले. त्याची बायको तेव्हा साक्षरता वर्गाला जात असे. गुरुजींनी सांगितले होते की रोज घरातल्या दोन ओळी लिहा. ती लिहीत असे. तिची वही गाडीच्या खणात डिझेलच्या पावत्यांबरोबर पडलेली होती. धाकट्याने ती काढली. त्यात वेड्यावाकड्या अक्षरांत होते: "आज गाडीत एक बादली पाणी टाकलं. विहिरीचं." दुसऱ्या दिवशी: "आज दोन बादल्या. विहीर." पाणी तिलाच शेंदावे लागे, म्हणून तिने तेच लिहिले होते. आम्ही त्या वहीला हसत असू, हेही सांगून टाकतो.

म्हाताऱ्याने विचारले, "गाव कोणतं तुमचं?" आम्ही सांगितले. त्याने कपाळाला हात लावला. "अरे बाप्पा, खाऱ्या पट्ट्यातले तुम्ही! खारं पानी टाकून राह्यले गाडीत?"

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांचा खारपाणपट्टा तुम्हाला सांगायला नको. अमरावती, अकोला, बुलडाणा, तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. नळाचे पाणी येते ते धरणातून, पण ते रोज येत नाही. ते पिण्याला ठेवायचे आणि बाकी सगळ्याला विहीर. गाडीला कोण गोडे पाणी देतो?

मिस्त्रीने रेडिएटरवर हात फिरवायला लावला. काही जागा गरम लागल्या, काही अगदी गार. तो म्हणाला, गार जागी पाणी फिरतच नाही. रेडिएटरमध्ये बारीक बारीक नळ्या असतात. त्यांतून गरम पाणी उतरते आणि वाऱ्याने थंड होते. पाणी वाफ होऊन उडते, पण त्यातला क्षार उडत नाही. तो आतच बसतो. आपण वरून पुन्हा खारे पाणी ओततो, पुन्हा क्षार. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना नळ्या कशा बुजतात ते माहीत आहे. तेच इथे झाले होते. शिवाय खाऱ्या पाण्याने आतले लोखंड गंजले ते वेगळेच.

रेडिएटर खोलला. आतून पांढरा आणि तांबडा गाळ निघाला, ओंजळभर. एकेका नळीत सळई घालून साफ केली. अडीच हजार रुपये. गास्केट तिसऱ्यांदा बदलावे लागले. या वेळी आम्ही शेजारी बसून राहिलो. जुने गास्केट हातात घेऊन पाहिले. कुठे जळले होते ते त्याने बोटाने दाखवले. नव्याच्या डब्यावरचे नाव धाकट्याने वाचले आणि वहीत उतरले. बिल तीन ओळींत करून मागितले: सामान, लेथ, मजुरी. म्हातारा जरा कुरकुरला. "एवढं लिहून काय करता?" म्हणाला. पण दिले.

तूर दोन दिवस उशिरा पोहोचली. भाव थोडा उतरला होता. ती तूट आम्ही भरून दिली, नाहीतर गावात तोंड दाखवता आले नसते.

आता आम्ही कूलंट वापरतो. ते रंगीत पाणी डब्यात मिळते. डब्यावर लिहिलेले असते त्या मापाने ते बॅटरीच्या शुद्ध पाण्यात मिसळायचे. महाग वाटते, पण तीन गास्केटांपेक्षा स्वस्त. वाटेत अडले तर पावसाचे साठवलेले पाणी चालते, विहिरीचे नाही. आणि एक. गाडी तापली की लगेच रेडिएटरचे झाकण उघडू नोका. आत पाणी जोरात दाबलेले असते, ते तोंडावर उडते. आमच्या एकाच्या मनगटावर अजून डाग आहे. अर्धा तास गाडी सावलीत उभी करा. तापल्या इंजिनावर गार पाणी तर मुळीच ओतू नका, हेड तडकते.

धूर पाहायलाही आम्ही त्या म्हाताऱ्याकडूनच शिकलो. पांढरा धूर राहून राहून येत असेल तर पाणी आत जाते आहे. निळसर असेल तर तेल जळते आहे, रिंगा झिजल्या असतील. काळा असेल तर डिझेल पूर्ण जळत नाही, हवेची जाळी किंवा नोझल पाहावे. मिस्त्रीकडे जाताना "गाडी बिघडली" एवढेच सांगायचे नाही. वैद्याला जसे सांगतो, पोट कधी दुखते, काय खाल्ले, तसे सांगायचे.

राहता राहिला अमरावतीचा मिस्त्री. त्याने गास्केट नवेच टाकले होते. ते का जळते, हे त्याने विचारले नाही आणि आम्ही पाण्याचे सांगितले नाही. चूक दोघांची. पण चोर तर आम्ही म्हटले होते. एक दिवस ब्रेकचे लायनर बदलायचे होते, तेव्हा मुद्दाम त्याच्याकडेच गेलो. थोरल्याने चार गिऱ्हाइकांसमोरच त्याला सांगितले, "दादा, दोष पाण्याचा होता. आमचं बोलणं चुकलं." तो बराच वेळ काही बोलला नाही. पान्हा पुसत राहिला. मग त्याने चहा सांगितला आणि धाकट्याला म्हणाला, "ते वही दाखवा बरं मले."