गळ, कायदा आणि कावेरीचा मासा

माझे वडील गळाने मासे धरीत. बेळगावजवळून वाहणाऱ्या मार्कंडेय नदीच्या एका डोहावर ते रविवारी दुपारी जाऊन बसत आणि मी त्यांच्या मागे पिशवी सांभाळीत बसे. मासा लागो वा न लागो, घरी परतताना ते नदीविषयी काहीतरी बोलत. आज पाणी नेहमीपेक्षा गढूळ होते, यंदा अमुक मासा दिसला नाही, पलीकडच्या काठावर कोणी वाळू उपसली आहे, असे ते बोलणे असे. त्या वयात मला ते रिकामे वाटे. पुढे कावेरी नदीवर झालेल्या एका मोठ्या वादाची हकिगत मी वाचली, तेव्हा मला वडिलांच्या त्या बोलण्याचा अर्थ उमगला. आज तोच वाद आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

कर्नाटकात शिवनसमुद्राचे धबधबे ओलांडल्यावर कावेरी डोंगरांच्या अरुंद वाटेने मेट्टूर धरणाकडे धावत जाते. खडक, खळाळ आणि मध्येच निळेकाळे खोल डोह असा तो प्रदेश आहे. या डोहांत महाशीर नावाचा मासा राहतो. आपल्याकडे याच्या जातभाईंना खडस किंवा खडशी म्हणतात. गोड्या पाण्यातील माशांत त्याच्यासारखा बलवान मासा क्वचितच सापडेल. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एका गृहस्थांनी कावेरीला मिळणाऱ्या कबिनी नदीत १२० पौंड वजनाचा महाशीर गळाने धरला. अशा माशासाठी जगभरातील शौकीन तेथे येत, यात नवल नाही.

१९७२ साली आपल्या देशात वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्याच वर्षी बंगळुरातील काही गळाच्या शौकिनांनी दक्षिण भारत वन्यजीव संघटना स्थापिली आणि नदीचा एक पट्टा भाड्याने घेऊन त्याची राखण सुरू केली. पुढे शासनाच्याच एका संस्थेने भीमेश्वरी, दोड्डमकळी आणि गालिबोरे येथे शिबिरे चालविली. नियम साधा होता. मासा गळाला लागला म्हणजे त्याचे वजन करावयाचे, वहीत नोंद करावयाची आणि त्याला जिवंत पाण्यात सोडून द्यावयाचे. जे स्थानिक लोक पूर्वी सुरुंगाची दारू टाकून मासे मारीत, त्यांतील काहींना हरिगोल वल्हविण्याचे आणि वाट दाखविण्याचे काम मिळाले. काल जो मासा मारून पोट भरीत होता, त्याचे पोट आज मासा जगण्यावर अवलंबून राहू लागले.

मग वाद कोठे उद्भवला? १९८७ साली नदीचा हा भाग कावेरी अभयारण्यात आला. अभयारण्य म्हणजे जेथे प्राण्याला माणसाचे भय नसावे अशी जागा. वन्यजीव कायद्याच्या दृष्टीने मासाही वन्यजीवच आहे. तेव्हा सरकारी पक्ष म्हणाला की, हरणाला फास लावून, त्याचे वजन करून सोडून दिले तर आपण त्यास शिकारच म्हणू. मग माशाच्या जबड्यात गळ रुतविणे ही शिकार का नव्हे? शिवाय काठावरच्या गावकऱ्याने पोटासाठी जाळे टाकले तर तो गुन्हेगार आणि परदेशच्या पाहुण्याने हौसेसाठी गळ टाकला तर तो निसर्गप्रेमी, हा कोठला न्याय? वनभूमी सर्वांची आहे. पैसेवाल्यांच्या करमणुकीसाठी तिच्यात वेगळे दार ठेवता येणार नाही.

मला हा युक्तिवाद पोकळ वाटत नाही. त्यातील दुसरा मुद्दा तर शिक्षकाच्या मनाला विशेष लागतो. वर्गात एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा असे आम्ही केले, तर मुले आमचे तोंड पाहणार नाहीत.

गळवाल्यांचे उत्तरही ऐकण्यासारखे होते. ते म्हणाले की, अभयारण्याची पाटी लावल्याने चोरटा शिकारी थांबत नाही. काठावर माणूस उभा असला म्हणजे थांबतो. वनखात्याचे पहारेकरी किती आणि नदी केवढी! आम्ही पहाटेपासून काळोख पडेपर्यंत डोहावर असतो, म्हणून दारूचा आवाज बंद झाला. आम्हांला हाकलाल तर आमच्या मागे दुसरे लोक येतील, आणि ते मासा सोडून देणार नाहीत.

अखेर सरकारी पक्षाचे म्हणणे टिकले आणि २०१२ साली या शिबिरांतील गळाची शिकार संपली. शिबिरे निसर्गशिबिरे म्हणून राहिली. हरिगोल वल्हविणाऱ्यांपैकी कित्येकांचा रोजगार मात्र गेला, आणि सुरुंगाची दारू पुन्हा नदीत पडू लागल्याची तक्रार गळवाल्यांनी वारंवार केली.

श्रोतेहो, येथे ही हकिगत संपली असती तर तीवर भाषण करण्याचे कारण नव्हते. दोन पक्ष भांडले, एक जिंकला, एवढेच तिचे तात्पर्य झाले असते. परंतु गालिबोरेच्या शिबिरातील वह्या शिल्लक राहिल्या होत्या. १९९८ ते २०१२ या काळातील त्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. सुमारे २३,६०० तासांच्या गळाची आणि ६,००० हून अधिक माशांची ती नोंद होती. लहानात लहान मासा एक पौंडाचा आणि मोठ्यात मोठा १०४ पौंडांचा होता.

वरवर पाहता त्या आकड्यांनी गळवाल्यांचीच बाजू घेतली. माशांची संख्या वर्षानुवर्षे वाढत होती. पण आकडे जातवार मांडले तेव्हा चित्र पालटले. कावेरीत महाशीर एक नव्हता, दोन होते. एक नारिंगी परांचा, पाठीला कुबड असलेला, या नदीचा मूळ रहिवासी. ज्याच्या प्रचंड देहामुळे कावेरीचे नाव जगभर गेले तो हाच. दुसरा निळसर परांचा, बाहेरून आणून सोडलेला. संख्या वाढत होती ती या पाहुण्याची. घरधनी मात्र झपाट्याने कमी होत होता, आणि त्याची लहान पिल्ले गळाला लागेनाशी झाली होती. ज्या घरात म्हातारे दिसतात आणि मुले दिसत नाहीत, त्या घराचे पुढे काय होणार हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही.

हा पाहुणा आला कोठून? ऐकून आपल्याला थोडे संकोचल्यासारखे होईल. तो आपल्याकडचा आहे. कंपनी सरकारच्या चाकरीतील कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेत सापडणाऱ्या या माशास त्यांनी ‘खुद्री’ हे नाव दिले. १९७० नंतर लोणावळ्याच्या वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने या माशाच्या पैदाशीचे केंद्र मोठ्या निष्ठेने चालविले. धरणांनी महाशीराची वाट अडविली आहे, तर आपण बोटुकली वाढवून नद्यांत सोडू, असा तो सद्‌हेतू होता, आणि अनेक राज्यांना तेथून बोटुकली पुरविली गेली. ती कावेरीतही पोहोचली. मासा नाहीसा होऊ नये म्हणून सोडलेला मासाच दुसऱ्या माशाच्या जागेवर पसरला.

त्या कुबड्या महाशीराला शास्त्राच्या यादीत धड नावही नव्हते. २०१८ साली तो ‘टॉर रेमादेवी’ या जातीचा असल्याचे सिद्ध झाले. केरळातील पांबार नदीतून या जातीचे वर्णन २००७ सालीच झाले होते, पण कावेरीचा विख्यात मासा तो हाच, हे तोवर कोणी ताडले नव्हते. नाव मिळाले त्याच वर्षी जागतिक यादीत त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली. म्हणजे महाशीर वाचवा असे म्हणत दोन्ही पक्ष इतकी वर्षे भांडले, आणि जो वाचवायचा होता तो कोणता, हेच दोघांना ठाऊक नव्हते.

या ठिकाणी मी दुसऱ्यांना नावे ठेवू इच्छीत नाही, कारण तीच चूक मी केली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही शाळेतील मुलांना घेऊन एका तळ्यात मत्स्यबीज सोडण्याचा समारंभ केला. टाळ्या झाल्या, छायाचित्र निघाले, वार्षिक अहवालात मी स्वतःच्या हाताने बोटुकल्यांची संख्या लिहिली. जात कोणती, हे मी विचारले नाही. त्या तळ्यात आधी कोणते मासे राहत होते, हे तर माझ्या मनातही आले नाही. वडिलांना विचारले असते तर त्यांनी चार नावे तरी सांगितली असती; पण तोवर वडील राहिले नव्हते. गेल्या वर्षी मी वर्गात मुलांना आपल्या नदीतील पाच माशांची नावे विचारली. सबंध वर्ग मिळून दोन नावे निघाली. चूक मुलांची नव्हती.

मग कावेरीच्या वादात खरे कोण? माझ्या अल्पमतीप्रमाणे, गळ असावा की नसावा हा त्यातील मुख्य प्रश्न नव्हे. गळावाचूनही डोह राखता येतो. महाडजवळच्या वाळण कोंडीत काळ नदीचे मासे देवीचे म्हणून सुरक्षित आहेत. शृंगेरीस तुंगेच्या घाटावर भाविक माशांना खाऊ घालतात आणि त्यांना कोणी हात लावीत नाही. तेथे गळही नाही आणि बंदूकधारी पहाराही नाही. पण माणसे आहेत, रोज येणारी, रोज पाहणारी. कावेरीवर बंदी घालताना सरकारने गळ बंद केला, हे कदाचित योग्यही असेल. पण गळाबरोबर डोळे बंद केले आणि वहीही बंद केली, ही चूक झाली. त्या हरिगोलवाल्यांना मोजणीदार म्हणून ठेवता आले असते. आणि गळवाल्यांची चूक ही की वही त्यांच्याच हाती होती, तरी वजनाच्या अभिमानात त्यांनी ती जातवार वाचली नाही.

हा प्रश्न जुना झाला असे मानू नका. अर्कावती नदी बंगळुराचे सांडपाणी घेऊन याच भागात कावेरीला मिळते. त्या संगमाखाली मेकेदाटू येथे ६७ टीएमसीहून अधिक पाणी साठविणारे धरण बांधण्याचा कर्नाटक शासनाचा प्रस्ताव आहे, आणि ते झाले तर अभयारण्याचा मोठा भाग पाण्याखाली जाईल. पाणी कोणाचे यावर दोन राज्ये भांडतात, तहानलेल्या शहराची गरजही खोटी नाही. पण ज्या भूमीवर एक गळ टाकण्यास मनाई झाली तीच भूमी बुडविण्याचा विचार निघतो, तेव्हा सरकारी पक्षाने विचारलेला प्रश्न आपणही विचारला पाहिजे: कायदा लहानांना एक आणि मोठ्यांना एक आहे काय?

आमच्या शाळेत आता एक वही आहे. महिन्यातून एकदा मुले मार्कंडेयीवर जातात आणि पाणी कसे होते, कोणता मासा दिसला, कोळ्यांनी त्याला काय नाव सांगितले, हे लिहून ठेवतात. पहिल्या पानावर नावे थोडी आहेत आणि त्यांपुढे प्रश्नचिन्हे पुष्कळ आहेत. पण आपल्या गावच्या नदीत कोण राहते, हे आपल्याला ठाऊक असले म्हणजे तिच्यासाठी शासनाशी बोलताना आपला आवाज स्थिर राहतो. आपल्याही गावाजवळून एखादी नदी, निदान एखादा ओढा वाहत असेल. काठावर जो म्हातारा गळ टाकून बसला असेल, त्याच्याशेजारी घटकाभर बसा आणि तो काय बोलतो ते लिहून घ्या. मी ते वेळेवर केले नाही.