एप्रिल महिना कोणाचा?

(फर्दापूर येथें २८ एप्रिल रोजीं दिलेलें व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय 'एप्रिल' हा एवढासा शब्द आहे, हें ऐकून मघाशीं पारावर बसलेले एक वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले, "मास्तर, एवढ्या उन्हांत आम्हांला बोलावलें तें महिन्याचें नांव ऐकायला काय? तें तर आमच्या पोरांनाहि पाठ आहे." त्यांचें म्हणणें खरें आहे. एप्रिल हा शब्द ठाऊक नाहीं असें घर आज फर्दापुरांत सांपडणार नाहीं. परंतु जी वस्तु रोज हातांत असते तिच्याकडे माणूस निरखून पहात नाहीं. हा शब्द कोठला, आपल्या दारीं कसा आला, आपल्या किती कामीं आला आणि किती यावयाचा राहिला, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

पहिली गोष्ट ही कीं, एप्रिल हें नांव मुळांत इंग्रजांचें नव्हेच. रोमन लोकांच्या लॅटिन भाषेंत या महिन्याला 'अप्रिलिस' म्हणत. त्या भाषेंत 'अपेरिरे' म्हणजे उघडणें. या दिवसांत तिकडे कळ्या उघडतात, जमीन उघडते, म्हणून हा उघडण्याचा महिना, असा अर्थ कित्येक जुने रोमन पंडित लावीत. दुसरे म्हणत, तसें नव्हे. व्हीनस देवीला ग्रीक लोक आफ्रोडायटी म्हणतात, त्या नांवावरून हा शब्द झाला. दोन हजार वर्षें झालीं तरी हा वाद मिटलेला नाहीं. तेव्हां शब्दाचा अर्थ छातीठोकपणें सांगणाऱ्या पंडितावर लगेच भरंवसा ठेवूं नये, मग तो पंडित रोमचा असो कीं आपल्या आळींतला असो.

रोमचें जुनें वर्ष मार्चपासून सुरू होई व एप्रिल हा दुसरा महिना असे. त्याचे दिवस २९ होते. ज्यूलियस सीझरची नवी कालगणना इ. स. पूर्वीं ४५ मध्यें सुरू झाली, तेव्हां ते ३० झाले. पुढें इ. स. ६५ मध्यें नीरो बादशहाच्या कारकीर्दींत एप्रिल महिन्याला खुद्द नीरोचेंच नांव देण्यांत आलें. हुकूम बादशाही होता, पण तीन वर्षांनीं नीरो मेला आणि त्याच्यामागोमाग तें नांवहि गेलें. एप्रिल मात्र राहिला. नंतर रोममध्यें ख्रिस्ती धर्म आला, जुन्या देवतांचीं देवळें बंद पडलीं, तरी महिन्याचें नांव कोणी बाटलें म्हणून टाकून दिलें नाहीं. इंग्रजांच्या पूर्वजांजवळ या महिन्याला त्यांच्या बोलींतलें वेगळें नांव होतें. तेंहि सोडून त्यांनीं रोमचेंच घेतलें. परक्याचा शब्द कामाचा असेल तर तो घेण्यांत कमीपणा नाहीं, हें साहेबालाहि कळत होतें.

आपल्या चैत्राचें पाहा. त्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र चित्रा नक्षत्राच्या आसपास असतो, म्हणून तो चैत्र, विशाखेवरून वैशाख. आभाळाकडे नीट पाहून ठेवलेलीं हीं नांवें आहेत आणि त्यांचा आपल्याला अभिमान असावा. मी चैत्र टाका असें म्हणावयास आलेलों नाहीं. दोन्ही नांवें माणसांनीं ठेवलेलीं आहेत, एवढें ध्यानांत ठेवा म्हणजे झालें.

आतां तो आपल्याकडे आला कसा? आपलें फर्दापूर निजामाच्या राज्यांतलें गांव. तेथें सरकारी दप्तर फसली सनाप्रमाणें चाले आणि त्या सनाचे महिने होते आझुर, बहमन, खुर्दाद, शहरेवर वगैरे. म्हणजे आपल्या आज्यापणज्याच्या तोंडीं चैत्र-वैशाख आणि त्याच्या शेतसाऱ्याच्या कागदावर खुर्दाद! १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी संपली, आणि पुढें हे महिनेहि दप्तराबरोबर फडक्यांत बांधले गेले. नीरोच्या नांवाची गत तीच यांची झाली. नुसत्या हुकमानें चालणारा शब्द हुकमाबरोबर मरतो.

एप्रिल टिकला, कारण तो शाळेंतून, आगगाडींतून, कोर्टांतून आला आणि घरांत शिरला. आज परीक्षा एप्रिलांत, लग्नें एप्रिल-मेमध्यें, विहिरीचा तळ दिसतो तोहि एप्रिलांत. सरकारचें हिशेबी वर्ष १ एप्रिलला सुरू होतें, हें तर सोसायटीचें कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पूर्वीं हिंदुस्थान सरकारचें हें वर्ष १ मे रोजीं सुरू होत असे. विलायतेच्या हिशेबाशीं जुळावें म्हणून १८६७ पासून तें १ एप्रिलला आणलें गेलें. त्यांत आपला सल्ला कोणी घेतला नव्हता. पण साहेब जाऊन इतकीं वर्षें झालीं तरी आपण तेंच चालवीत आहों.

आतां मुद्द्यावर येतों. आपल्या भागांत सालगडी पाडव्याला ठरतो; खानदेशाकडे आखाजीला ठरतो. साल म्हणजे या पाडव्यापासून त्या पाडव्यापर्यंत. फार सोपें वाटतें. पण हिशेब करून पाहा. २०२३ चा पाडवा २२ मार्चला होता. त्या वर्षीं श्रावण अधिक आला, आणि २०२४ चा पाडवा पडला ९ एप्रिलला. जो गडी त्या पाडव्याला राहिला आणि या पाडव्याला सुटला, त्याचें साल ३८४ दिवसांचें झालें. इंग्रजी तारखेनें तोच गडी २१ मार्च २०२४ ला मोकळा झाला असता. अठरा दिवस त्यानें जादा राबून काढले, आणि रोजमुरा मात्र ठरला तेवढाच!

कोणी शहाणा म्हणेल, "पण पुढच्या वर्षीं पाडवा लौकर येतो, तेव्हां गड्याचें साल लहान होतें." तेंहि खरें आहे. ९ एप्रिल २०२४ पासून ३० मार्च २०२५ च्या पाडव्यापर्यंत ३५५ दिवसच भरतात. परंतु हा फायदा मिळायला गडी त्याच मालकाकडे टिकला पाहिजे. जो अधिक महिन्याचें साल भरून दुसऱ्या गांवीं गेला, किंवा पोटापाण्यासाठीं ऊंसतोडीला गेला, त्याचे अठरा दिवस कोण परत करणार? आणि खरी गोष्ट ही कीं, लबाडी मालकाची असो वा नसो, गड्याला हा हिशेब ठाऊकच नसतो. अधिक महिना केव्हां हें पंचांगांत असतें, आणि पंचांग पिढ्यान् पिढ्या एकाच घरच्या खुंटीला टांगलेलें होतें. त्यांतलें गणित खोटें नाहीं. परंतु त्याची किल्ली आपल्या हातीं नव्हती. तिथि विचारायची तर जोशीबुवांकडे, आणि दक्षिणा देऊन! तारखेचें तसें नाहीं. एप्रिलचे दिवस तीस. हें दुसरीच्या पोरीलाहि बोटांवर मोजतां येतें. १९७३ पासून निघणाऱ्या 'कालनिर्णया'सारखीं दिनदर्शिकाहि आतां घरोघर टांगलेली असते व तींत तिथि आणि तारीख शेजारीं शेजारीं छापलेल्या असतात. तेव्हां साल पाडव्याला खुशाल ठरवा, नारळ फोडा. पण कागदावर तारीख घाला. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, इतके दिवस, इतके रुपये. साहेबाचा एप्रिल फूल एका दिवसाचा असतो. आपल्या गड्याचा वर्षभर चालतो, तो थांबवा.

आतां आजचीच तारीख पाहा. येथून जवळच वाघुर नदीच्या वळणावर अजिंठ्याचीं लेणीं आहेत. दहाव्या लेण्यांतल्या एका खांबावर, चित्रावरच, जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें आपलें नांव व पलटण खरवडून खालीं तारीख घातली आहे, २८ एप्रिल १८१९. चित्रावर ओरखडे काढणें हें काम निंद्यच. तसें कोणी करूं नये. पण परिणाम पाहा. या भागांतल्या माणसांना लेणीं आधींपासून माहीत होतीं. सातव्या शतकांत चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग यानेंहि त्यांचें वर्णन लिहून ठेवलें. तरीसुद्धां शोधाचा मान पुस्तकांत स्मिथला मिळाला, कारण येथल्या माणसानें तारीख लिहिली नाहीं आणि त्यानें लिहिली. त्याच दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर वासिठीपुत कटहादि या दात्याचें नांव ब्राह्मी लिपींत कोरलेलें आहे. त्याच्या दानाला दोन हजार वर्षें होऊन गेलीं, पण नांवाशेजारीं साल नाहीं. म्हणून विद्वान लोक अक्षरांच्या वळणावरून काळाचा अंदाज बांधतात. नांव असून तारीख नसली तर माणूस काळांत हरवतो तो असा.

याच महिन्यांत आपण दोन जन्मदिवस साजरे केले. ११ एप्रिल १८२७ हा जोतीराव फुल्यांचा आणि १४ एप्रिल १८९१ हा बाबासाहेब आंबेडकरांचा. मोठ्यांच्या तारखा आपण पाठ केल्या. आपल्या घरच्या कोठें आहेत? या सभेंतल्या पन्नाशीच्या पुढल्या किती पुरुषांचा वाढदिवस १ जूनला येतो, हात वर करा! पाहा, निम्मी सभा एकाच दिवशीं जन्मली! शाळा जूनमध्यें उघडायची, बापाला तारीख सांगतां यायची नाहीं, म्हणून मास्तरांनीं १ जून लिहून टाकला. आणि ज्या मायबहिणींना शाळेंतच घातलें नाहीं त्यांना तीहि तारीख नाहीं. माझ्या आत्याचेंच सांगतों. तिला विचारलें तर "मोठ्या दुष्काळाच्या आदल्या आखाजीला" एवढें ती सांगे. म्हातारपणीं निराधाराच्या पगारासाठीं अर्ज केला. वयाला ६५ वर्षें पुरीं लागत होतीं. एका कागदावर एक वय, दुसऱ्यावर दुसरें. दोन वर्षें हेलपाटे घातले. अंगावरच्या सुरकुत्या सर्वांना दिसत होत्या, पण सुरकुतीवर तारीख नसते. पगार सुरू झाला तेव्हां तिला घांस गिळवत नव्हता.

म्हणून माझें मागणें फार लहान आहे. जन्माची व मृत्यूची नोंद करण्याचा कायदा १९६९ चा आहे. २१ दिवसांच्या आंत वर्दी दिली तर विलंबाचा दंड पडत नाहीं. बाळाचें बारसें कोणत्याहि तिथीला करा, पण त्याआधीं ग्रामपंचायतींत जाऊन तारीख लिहवा व दाखला हातांत घ्या. मुलीची तर आधीं लिहवा. घरांत एक वही ठेवा. तींत जन्म, लग्न, सालाचा करार, कर्जाची उचल आणि फेड, हें सर्व तारीख घालून लिहा. लिहितां येत नसेल त्यानें आपल्या नातीकडून लिहून घ्यावें. नात आनंदानें लिहील.

ज्यानें तारीख लिहून ठेवली, त्याचा एप्रिल. रोमचा नाहीं, नीरोचा नाहीं, साहेबाचाहि नाहीं. आज रात्रीं घरीं गेल्यावर त्या वहीच्या पहिल्या पानावर २८ एप्रिल ही तारीख घाला आणि खालीं आपल्या आईचें नांव लिहा. तिची जन्मतारीख ठाऊक नसेल, तर ती अजून जवळ आहे तोंवर तिला विचारा.