कर्ण्याच्या मागची माणसे



मागील वक्त्यांनी वेदान्त सांगितला, आणि मी बँडवाल्यांच्या गोष्टी घेऊन उभा राहिलो आहे. काहींना हे रुचणार नाही. पण तुमच्यापैकी किती जणांच्या लग्नात वेदान्ती आले होते आणि किती जणांच्या लग्नात बँड वाजला होता, हे ज्याचे त्याने मनाशी मोजावे!

लहानपणी आमच्या यवतमाळच्या गल्लीतून वरात निघे. डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्यांच्या दोन रांगा, मध्ये लाल डगले आणि सर्वांपुढे कॉर्नेटवाले मास्तर. गाल फुगवून ते 'शोला जो भडके' वाजवू लागले म्हणजे नवरदेवाच्या घोड्याकडे कोणी बघत नसे. एकदा धीर करून मी विचारले, "मास्तर, हे तुम्हांला कोणी शिकवलं?"

"तबकडीनं."

"आणि तबकडीत कोण वाजवते?"

मास्तरांनी मुखनळी पुसली आणि म्हणाले, "ते काई तबकडीवर लिहून नसते, बाबू."

त्या प्रश्नाचे उत्तर मिळायला मला पुढे बरीच वर्षे लागली. १९५१ च्या 'अलबेला'ला संगीत होते सी. रामचंद्र यांचे, म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकलेले, तेव्हा थोडा हक्क विदर्भानेही सांगायला हरकत नाही! त्यांच्या हाताशी जी माणसे होती, त्यांत एक आंतोनियो झेवियर वाझ. गोव्यातल्या हळदोण्याचे, जन्म १९१६ चा. मुंबई त्यांना 'चिक चॉकलेट' म्हणून ओळखे. आईची इच्छा मुलाने मेकॅनिक व्हावे, चार पैसे मिळवावेत. मुलाने हाती घेतला ट्रंपेट. अमेरिकेच्या लुई आर्मस्ट्राँगची भक्ती इतकी, की वाजवताना त्याच्यासारखा रुमालाने घाम पुसायचा आणि गायचेही त्याच्यासारखेच घोगऱ्या आवाजात.

आता गोव्याच्या खेड्यातल्या मुलाला अमेरिकेचा सूर सापडला कुठे? पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवीत, व्हायोलिन हाती देत. शिकलेली पोरे पोटासाठी मुंबई गाठीत. तिथे १९३५ साली ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णी अमेरिकन आपला ताफा घेऊन आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवाला, टेडी वेदरफर्ड हा पियानोवाला. (हा वेदरफर्ड पुढे १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला.) गोव्याची मंडळी कागदावरचे बिनचूक वाजवीत, पण जॅझमध्ये जे कागदावर नसते तेच खरे असते. ते त्यांनी या पाहुण्यांजवळ बसून उचलले. आपल्याकडे गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसतात, त्यातलाच हा प्रकार. पुढे मिकी कोरिया यांनी ताजमध्ये आपला बँड वीसेक वर्षे चालवला.

यांच्यातच कुडचड्याचे फ्रँक फर्नांड. १९४६ साली ते मसुरीला एका बँडमध्ये वाजवीत असता गांधीजींची भेट घडली. त्या भेटीने माणूस अस्वस्थ झाला. परक्यांची नक्कल किती दिवस करायची, आपल्या रागांचे अंग ट्रंपेटला का देऊ नये, असा ध्यास त्यांनी घेतला. हॉटेलातल्या नाचाला तो काय कामाचा? पण पुढे मुंबईत दारूबंदी आली, नाचगृहांची रया गेली आणि हे वादक सिनेमाच्या दाराशी आले.

तिथले काम कसे चाले ते सांगण्यासारखे आहे. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवी. ती ऐकत गोव्याचा माणूस भराभरा स्वरलिपी लिही. व्हायोलिनांनी काय करावे, ट्रंपेटने कुठे शिरावे, गाण्याच्या दोन कडव्यांमधली जागा कशी भरावी, हे ठरवी. आपल्या गवयांना लिहून वाजवण्याची सवय नाही; आणि तीस-चाळीस माणसांनी एकदम वाजवायचे तर कागद हवाच. काही लोक म्हणतात, सारे गोवेकरांनीच केले, संगीतकार नावाचे धनी. मला हे पटत नाही. चाल चितळकरांचीच होती. पण पाट्यांवर एकाचे नाव यावे आणि दुसऱ्याचे बहुधा येऊच नये, हेही मला पटत नाही. बिदागी मिळाली, की हिशेब संपला असे होते काय?

'अलबेला'त चिक आणि त्यांचे सोबती झालरीचे सदरे घालून पडद्यावरही दिसतात. लोकांनी डोळे भरून पाहिले ते भगवानदादा आणि गीताबाली यांना, आणि त्यात वावगेही काही नाही. १९६७ साली चिक गेले, पन्नाशीच्या आसपास. फ्रँक फर्नांड यांनी मात्र गाठीची पुंजी घालून कोकणीत 'आमचें नशीब' आणि 'निर्मोण' हे चित्रपट काढले, १९६३ आणि १९६६ मध्ये. दुसऱ्याच्या पाटीवर नाव येत नाही, तर पाटीच आपली करावी, असे त्यांच्या मनात आले असेल काय? मला तसे वाटते खरे.

आमचे कॉर्नेटवाले मास्तर कधीच गेले. हल्लीच्या वरातीत गाडीवर कीबोर्ड असतो आणि कर्णे भोंग्याच्या आवाजात बुडून जातात. मास्तरांना उत्तर सांगायचे राहून गेले, म्हणून ते आज तुम्हांला सांगितले.

चिटणिसांच्या परवानगीने ती जुनी तबकडी मी सोबत आणली आहे. थोडी खरखरेल, पण सांभाळून घ्या. लताबाई आणि चितळकर यांना तुम्ही पुष्कळ वेळा ऐकले आहे. आज ते गायला लागण्यापूर्वी जे वाजते, त्याच्याकडे कान द्या.