पुणे कारा किमाशिता



मघाशी आपल्या स्नेहसंमेलनात फिशपाँड वाचले गेले. संगणक विभागातल्या एकावर पडलेला असा होता: ‘मुलगी पाहायला गेला, पासपोर्ट दाखवून आला.’ सभागृह पोट धरून हसलं. पालकांच्या रांगेत मात्र दोघातिघांनी नुसत्या माना हलवल्या. त्यांना तो विनोद वाटलाच नसावा.

या पासपोर्टाची गोष्ट महाराष्ट्रात १९८३ साली सुरू होते. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं त्या वर्षी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. शिक्षणाचा बाजार मांडला म्हणून टीका झाली, ती अगदीच चुकीची नव्हती. पण आडगावच्या माळरानावर पत्र्याच्या शेडमध्ये भरलेल्या वर्गांतून इंजिनिअर बाहेर पडू लागले. त्यांच्या नोकऱ्या शोधायची वेळ आली तेव्हा अमेरिकेत १९९०च्या कायद्यानं एच-वन-बी नावाचा व्हिसा जन्माला आला होता. दोन्ही सरकारांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. जुळून आलं, एवढंच.

मग आलं दोन हजार साल. जुन्या काळी संगणकाची मेमरी सोन्याच्या भावानं मिळे, म्हणून प्रोग्रॅममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहायची पद्धत पडली होती. १९३५ साली जन्मलेल्या माणसाचं १९९९मधलं वय काढायचं तर ९९ वजा ३५, म्हणजे ६४. ठीक. वर्ष उलटलं की शून्य शून्य वजा ३५. उणे पस्तीस वर्षांच्या आजोबांना पेन्शन द्यायची की त्यांच्या बारशाची वाट पाहायची? बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती, सगळीकडे कोबोल भाषेतल्या लाखो ओळी एकेक करून तपासायच्या होत्या. काम अत्यंत कंटाळवाणं, मुदत मात्र पक्की. कोबोल तोवर म्हातारी भाषा झाली होती. आपल्याकडच्या पोरांनी ती क्लास लावून शिकून घेतली आणि विमानं भरली.

अमेरिकेनं तेव्हा दार किती उघडलं ते आकड्यांत बघा. मूळ मर्यादा वर्षाला ६५,००० व्हिसांची. १९९९ आणि २००० या आर्थिक वर्षांसाठी ती १,१५,००० झाली आणि २००१ ते २००३ या तीन वर्षांसाठी १,९५,०००. गंमत अशी, की दार सताड उघडलं तेव्हाच डॉटकॉमचा फुगा फुटला. जागा होत्या आणि काम नव्हतं. पुढे मर्यादा पुन्हा ६५,०००वर आली. तिथल्या विद्यापीठातून मास्टर्स केलेल्यांसाठी २०,००० वेगळ्या. आता अर्ज इतके, की सोडत काढावी लागते. म्हाडाच्या सोडतीला बसलेल्यांना यातली धाकधूक समजावून सांगायला नको. १९ सप्टेंबर २०२५ला, शुक्रवारी, राष्ट्राध्यक्षांनी परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावणाऱ्या आदेशावर सही केली आणि रविवारपासून तो लागूही झाला. ग्रीन कार्डाचं आणखी निराळं: नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण १,४०,००० मिळतात आणि कुठल्याही एका देशाला त्यातली सात टक्क्यांच्या आसपास. आइसलँडला जेवढी मर्यादा, तेवढीच भारताला.

जर्मनीनंही ऑगस्ट २०००मध्ये संगणकवाल्यांसाठी २०,००० जागा काढल्या. तिथल्या एका प्रांतात निवडणूक होती. ‘किंडर श्टाट इंडर’, म्हणजे भारतीय आणण्याऐवजी आपल्या मुलांना शिकवा, अशी घोषणा गाजली. परवाना जास्तीत जास्त पाच वर्षांचा. आपल्या लोकांनी त्यापेक्षा अमेरिका बरी म्हटलं आणि जागा पुऱ्या भरल्याच नाहीत. २०२४ साली त्याच जर्मनीनं भारतीय कुशल कामगारांसाठीचे व्हिसा वर्षाला २०,०००वरून ९०,०००वर नेले.

पण आजचा बहुतेक वेळ टोकियोच्या निशी-कासाई या उपनगराला द्यायचा आहे, कारण त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

दोन हजार सालची तीच दुरुस्ती जपानी बँकांनाही करायची होती. त्यासाठी आलेले भारतीय एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत राहू लागले. तिथून तोझाई मार्गाची मेट्रो पकडली की थेट ओतेमाची, म्हणजे बँकांची आणि कचेऱ्यांची वस्ती. गाडी बदलायची गरज नाही. डोंबिवलीकराला यापेक्षा मोठं कारण लागत नाही.

अडचण घराची होती. जपानात भाड्यानं घर घेताना अनामत रकमेखेरीज ‘रेइकिन’ द्यावं लागतं. शब्दाचा अर्थ आभाराचे पैसे. घरमालकानं घर दिलं म्हणून भाडेकरूनं त्याला दिलेली ही भेट, बहुधा एकदोन महिन्यांच्या भाड्याएवढी, आणि ती कधीच परत मिळत नाही. आपली पागडीच म्हणा, पण नमस्कार करून घेतलेली. त्यावर जामीनदार हवा, आणि नवख्या परदेशी माणसाला जामीन कोण राहणार? निशी-कासाईच्या आसपास सरकारी गृहसंस्थेच्या मोठमोठ्या इमारती होत्या. तिथं रेइकिन नाही, जामीनदार नाही. पगार पुरेसा असल्याचे कागद दाखवले की घर मिळे. वस्ती जमली ती यामुळं. मागोमाग डाळ-मसाल्यांची दुकानं आली, इंग्रजी माध्यमाच्या भारतीय शाळा आल्या.

अंबरनाथला लहानाचे मोठे झालेले आणि पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक याच वॉर्डात राहिले. विद्यार्थी म्हणून जपान पाहून आलेले, मग संगणकाच्या नोकरीसाठी गेले, पुढे बँकांत काम केलं, जपानी नागरिकत्व घेतलं. २०१९ साली एदोगावाच्या वॉर्डसभेवर ते निवडून आले. नंतर इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. कोबोल कुणालाही शिकता आलं असतं. जपानी मतदाराच्या दारात उभं राहून बोलायला मात्र त्याचीच भाषा लागते.

आणि ती भाषा मराठी माणसाला वाटते तेवढी परकी नाही. ‘मी पुण्याहून आलो’ हे वाक्य घ्या. जपानीत ‘वाताशी वा पुणे कारा किमाशिता’. वाताशी म्हणजे मी, कारा म्हणजे आपला ‘हून’, किमाशिता म्हणजे आलो. शब्द जागचे हलले नाहीत. इंग्रजीत याच वाक्याचं क्रियापद उचलून मध्ये आणावं लागतं. लिपी मात्र घाम काढते, हे लपवण्यात अर्थ नाही. पगारही अमेरिकेच्या मानानं कमी. पण कागदांचा हिशेब सरळ आहे: शिक्षण, अनुभव, पगार, वय, भाषा यांचे गुण मोजतात, ८० गुण भरले तर एका वर्षानं आणि ७० भरले तर तीन वर्षांनी कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. सोडत नाही. भाषेची परीक्षा पाच पायऱ्यांची, एन-फाइव्ह सगळ्यांत सोपी, एन-वन सगळ्यांत कठीण. जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, आणि पुण्यातही देता येते.

पडद्याआडून एकांकिकेतली मंडळी तिसऱ्यांदा डोकावून गेली. त्यांच्यातल्या एकाची मिशी सुटत आलेली दिसते. ज्याच्यावर तो फिशपाँड पडला, त्यानं कार्यक्रमानंतर भेटावं. एन-फाइव्हचं एक जुनं पुस्तक पिशवीत आहे. पहिल्या पंधरा पानांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, पुढं कोरं आहे.